पैसे देऊन पसरवलेली खोटी क्लिप: कंपनीला कोर्टात खेचता येतं का?

विट्याकडच्या एका मुलाने विचारलंय, आधी त्याचा प्रश्न थोडक्यात सांगतो. त्याच्या काकी डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकेला उभ्या होत्या. मतदानाच्या दोन दिवस आधी रात्री सोशल मीडियावरच्या एका पेजवर कॉल रेकॉर्डिंग आलं, काकींचा आवाज, 'पाकीट पोचलं, आम्ही बसलो' असं काहीतरी, म्हणजे पैसे घेऊन माघार घेतली असं. पोस्टच्या वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं. सकाळपर्यंत ते वॉर्डातल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. घरच्यांनी धडाधड रिपोर्ट मारले, सगळ्यांना एकच उत्तर आलं की हे आमच्या धोरणाचं उल्लंघन नाही. काकी थोडक्यात पडल्या, पेज आता गायब आहे, आणि हा विचारतोय की एवढ्या मोठ्या कंपनीवर केस होते का, खर्च काय, का नुसता डोक्याला ताप.

मी साताऱ्यात वकिली करतो, सांगली आणि कराडच्या कोर्टातही जाणं-येणं असतं, आणि निवडणुकीच्या मॅटर करता करता ही सायबरची भानगड आपोआप गळ्यात पडली. तर भाऊ, केस काय, कुणावरही होते, स्टॅम्प लावला की झाली. खरा प्रश्न असा आहे की तुमच्या मॅटरमध्ये कंपनीने *स्वतः* काय केलं. पेजवाल्याने काय केलं ते वेगळं, कंपनीने काय केलं ते वेगळं, आणि ह्या दोन गोष्टींची खिचडी केली की पहिल्याच तारखेला कंपनीचा वकील कलम ७९ काढतो आणि आपण गप बसतो.

ते कलम ७९ काय ते समजून घ्या कारण सगळं घोडं तिथेच अडतं. आयटी कायदा २००० चा, २००८ च्या दुरुस्तीने हे कलम आजच्या रूपात आलं. म्हणणं एवढंच की दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थ कंपनी जबाबदार नाही, पण काही अटींवर: मजकूर तिने सुरू केलेला नसावा, तो कुणाला दाखवायचा ते तिने निवडलेलं नसावं, मजकुरात बदल केलेला नसावा, आणि नियमात सांगितलेली काळजी तिने घेतलेली असावी. शिवाय चुकीचं काही आहे हे 'कळल्यावर' काढलं पाहिजे. आता कळणं म्हणजे काय? २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कळणं म्हणजे कोर्टाचा आदेश किंवा सरकारची रीतसर सूचना, कुणीही येऊन सांगितलं म्हणजे कंपनीला कळलं असं नाही.

म्हणजे तुमच्या घरच्यांनी मारलेले रिपोर्ट कायद्याच्या भाषेत 'कळणं' नाहीत. ऐकून राग येतो, माझ्या ऑफिसात बसून लोक टेबल आपटतात ह्यावर. पण मला तो निकाल बरोबरच वाटतो. नाहीतर कुठल्याही पक्षाच्या आयटी सेलने पाचशे पोरं बसवून रिपोर्ट मारायचे आणि विरोधकाची खरी पोस्ट उडवायची, हा धंदा झाला असता. तुमच्या काकींचीच प्रचाराची पोस्ट पहिली उडाली असती.

आता ह्यात फट कुठे आहे ते सांगतो, आणि तुमच्या मॅटरमध्ये ती आहे असं मला तरी दिसतंय. 'प्रायोजित'. हा एक शब्द स्क्रीनशॉटमध्ये स्पष्ट दिसत असेल तर ती सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. कुणीतरी पोस्ट टाकली आणि ती पडून राहिली, तिथे कंपनी म्हणेल आम्ही नुसती भिंत. पण पैसे घेऊन, अमुक गावाच्या इतक्या किलोमीटरच्या आत, अमुक वयाच्या लोकांना दाखवा असा फॉर्म भरून घेतला, आणि त्या लोकांतही नेमकं कुणाला दाखवायचं हे तिच्या मशीनने ठरवलं, तर मग 'कुणाला दाखवायचं ते आम्ही निवडलं नाही' असं कसं म्हणणार? २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने गूगलच्या जाहिरात प्रोग्रामबद्दल ट्रेडमार्कच्या एका प्रकरणात म्हटलंय की तिथे गूगल नुसता निष्क्रिय मध्यस्थ नाही, सक्रिय सहभागी आहे, आणि उल्लंघन ठरलं तर ७९ ची ढाल मिळणार नाही. तो निकाल ट्रेडमार्कचा आहे, राजकीय खोट्या प्रचाराचा नाही, त्यामुळे तो जसाच्या तसा लागू होईल असं मी तुम्हाला सांगणार नाही. समोरचा म्हणेल गाव आणि वय जाहिरातदाराने निवडलं, आम्ही नाही. पण युक्तिवाद उभा राहतो, आणि उभा राहण्यासारखा हाच आहे.

आपल्याकडच्या छापखान्यावाल्याला विचारा, निवडणुकीत बिननावाचं पत्रक छापून देतो का. नाही देत. विधानसभा-लोकसभेसाठीच्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ अ मध्ये मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावंच लागतं, छापून घेणाऱ्याकडून दोन साक्षीदारांच्या सहीचं घोषणापत्र घ्यावं लागतं, छापल्यावर प्रत पाठवावी लागते, चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गल्लीतल्या ऑफसेटवाल्याला हे सगळं, आणि एका रात्रीत अख्ख्या शहराच्या मोबाईलवर जाहिरात पोचवणाऱ्या कंपनीला मात्र जाहिरातदार कोण ते विचारलं की धोरण वाचून दाखवायची मुभा. मेटा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी, भारतात राजकीय जाहिरातींना ओळख पटवून घेते, 'पैसे कोणी दिले' ते लिहायला लावते आणि त्या जाहिराती तिच्या अॅड लायब्ररीत, म्हणजे कुणालाही बघता येणाऱ्या जाहिरातींच्या संग्रहात, सात वर्षं ठेवते, हे खरंय. पण जाहिरातदाराने मुळात 'ही राजकीय आहे' असं सांगितलंच नाही आणि यंत्रणेनेही पकडलं नाही, तर ती साध्या साडीच्या दुकानाच्या जाहिरातीसारखी जाते आणि चालू असेपर्यंतच लायब्ररीत दिसते. बंद झाली की गेली.

दुसरी फट तक्रारीची. रिपोर्टचं बटण दाबणं म्हणजे तक्रार नाही, हे प्लीज सगळ्यांनी डोक्यात ठेवा. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर टाकावा लागतो, मूळ नियमात २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. ह्या मुदती बदलत आल्यात, म्हणून फाइल करताना त्या दिवसाचा नियम बघा, माझ्या ह्या उत्तरावर जाऊ नका. आणि तक्रार लिहिताना 'खोटा प्रचार आहे' असं लिहू नका हो, त्यावर ते धोरणच चिकटवणार. 'माझ्या नावाने, माझ्या आवाजाची नक्कल करून तोतयागिरी केली आहे' असं लिहा, आणि ते स्वतः काकींनी लिहा. कारण तोतयागिरीच्या मजकुराला त्या नियमात वेगळी आणि फार कमी मुदत आहे, २०२१ मध्ये ती २४ तास होती, आणि ती तक्रार ज्याची नक्कल झाली त्याने किंवा त्याच्या वतीने कुणीतरी करायची असते. ह्यावर उत्तर नाही आलं किंवा फालतू आलं तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं, ती समिती २०२२ च्या दुरुस्तीने आली. माझ्या अनुभवात अपिलाचा मोठा उपयोग हा की कंपनीला कागदावर काहीतरी म्हणावं लागतं, आणि ते पुढे कोर्टात कामाला येतं. नियम पाळला नाही तर ७९ चं संरक्षण जातं हे त्याच नियमांत लिहिलंय, नियम ७. म्हणून आपल्याला कागद पाहिजे की आम्ही नीट दार वाजवलं होतं आणि ह्यांनी उघडलं नाही.

बरं, २०२६ च्या फेब्रुवारीत आणखी दुरुस्ती झाली, एआयने बनवलेल्या मजकुरावर तसं लेबल पाहिजे, आणि कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर ३६ तासांऐवजी ३ तासांत काढायचं. तुमची क्लिप त्याच्या आधीची, त्यामुळे त्याचा आधार तुम्हाला घेता येणार नाही.

आता जरा कटू बोलतो. आवाज काकींचाच आहे का? मी प्रत्येक क्लायंटला दार लावून आधी हेच विचारतो. कारण हल्ली खरं रेकॉर्डिंग बाहेर आलं तरी लोक पहिलं वाक्य बोलतात 'एआय आहे'. कधी आवाज खरा असतो पण चार वेगवेगळे कॉल कापून जोडलेले असतात, कधी खरंच मशीनने बनवलेला असतो, कधी माणूस बोललेला असतो आणि विसरलेला असतो. ह्या प्रत्येकाची केस वेगळी होते. जोडलेलं असेल तर मूळ कॉल कुणाबरोबरचा ते शोधावं लागेल आणि तिथेच घरभेदी सापडतो बहुतेक वेळा. तुमचं उत्तर काय आहे त्यावर पुढचं बरंचसं अवलंबून आहे, आणि ते मला इथून कळणार नाही.

पुराव्याचं तर विचारू नका. लोक स्क्रीनशॉटचा गठ्ठा आणतात, झेरॉक्स काढून, लॅमिनेट करून सुद्धा. नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (जुनं ६५ ब), त्याचे दोन भाग, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो, म्हणजे फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी बदलणारा आकडा. त्यामुळे ज्या फोनवर ती जाहिरात पहिल्यांदा दिसली तो फोन जपा, विकू नका, फॉरमॅट मारू नका, स्क्रीनगार्ड बदलायला दुकानात देताना सुद्धा दहा वेळा विचार करा. पेजची लिंक लागते, पेजचं नाव पुरत नाही, नावं हजार असतात. ग्रुपवर फिरलेली फाइल दुय्यम आहे, कारण ती कंप्रेस होऊन आलेली असते आणि 'प्रायोजित' तिच्यात दिसत नाही.

पेजच्या मागे कोण ते कसं काढायचं? दोन रस्ते. पोलिसांत, म्हणजे सांगलीच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार, मग ते कंपनीला नोटीस पाठवून नोंदणीचा नंबर, आयपी म्हणजे इंटरनेट जोडणीचा पत्ता, पैसे कुठल्या कार्डावरून गेले हे मागवू शकतात. (१९३० ला फोन करू नका, तो पैशांच्या फसवणुकीसाठी आहे.) किंवा दिवाणी दावा लावायचा, पेजवाला माहीत नसेल तर अज्ञात व्यक्ती म्हणून, आपल्याकडे त्याला गमतीने अशोक कुमार आदेश म्हणतात, आणि त्या दाव्यात कंपनीला सांगायचं की माहिती उघड करा. इथे एक आकडा लक्षात ठेवा, १८० दिवस. खातं बंद झालं तरी नोंदणीची माहिती कंपनीने १८० दिवस ठेवायची असते असं नियम सांगतो. डिसेंबरच्या सुरुवातीलाच पेज गेलं असेल तर मेच्या शेवटाला ही मुदत संपते. म्हणून दावा कधी लावायचा ते नंतर ठरवा, पण 'ही माहिती आणि जाहिरातीचा हिशोब जपून ठेवा' असं पत्र तक्रार अधिकाऱ्याला आजच जाऊ दे.

निवडणूकच रद्द करायची होती तर ती गाडी गेली, हे स्पष्टच सांगतो. नगरपालिकेच्या निवडणूक याचिकेला निकाल प्रसिद्ध झाल्यापासून १० दिवस असतात, जिल्हा न्यायाधीशांपुढे. विधानसभा-लोकसभेला ४५ दिवस, हायकोर्टात. आणि वेळेत गेला असतात तरी अवघड होतं. विधानसभा-लोकसभेच्या कायद्यातच बघा, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३(४) मध्ये उमेदवाराच्या माघारीबद्दल खोटं छापणं हा भ्रष्ट आचार आहे, अगदी तुमच्यासारखीच गोष्ट, पण ते समोरच्या उमेदवाराने, त्याच्या एजंटने किंवा त्यांच्या संमतीने केलं हे सिद्ध करावं लागतं. संमती सिद्ध करणं म्हणजे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वैतागाचं काम. शिवाय तिथे कंपनी पक्षकारच होत नाही, लढाई उमेदवारांमधली. म्हणजे कंपनीला धरायचं असेल तर ती वाट मुळातच तुमची नव्हती, फार हळहळू नका.

मग आता राहिलं काय, तर बदनामीचा दिवाणी दावा, ज्याला एक वर्षाची मुदत असते, त्यात पेजवाला पहिला प्रतिवादी आणि कंपनी दुसरी, आणि कंपनीविरुद्ध फक्त दोन गोष्टी मांडायच्या: पैसे घेऊन निवडून दाखवलं, आणि रीतसर सांगूनही हाललं नाही. दुसरी गोष्ट तुम्ही तेव्हा नुसतं बटण दाबलं असेल तर थोडी लंगडी आहे. पहिली लंगडी नाही.

व्हॉट्सअॅपवरचं विसरा. तिथे कंपनीला मजकूर दिसत नाही, आणि पहिला पाठवणारा शोधून द्या हा २०२१ चा नियम कंपनीने दिल्ली हायकोर्टात आव्हान दिलेला आहे. ग्रुप अॅडमिनला धरू म्हणाल तर आपल्याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की मेंबरने टाकलेल्या मेसेजबद्दल अॅडमिन, त्याचा स्वतःचा हात असल्याशिवाय, गुन्हेगार नाही. शेजाऱ्याशी भांडण वाढेल फक्त.

पण व्हॉट्सअॅपचीच एक गोष्ट ह्या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून पाच माणसं मारली गेली. देशभर असं चाललं होतं. त्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने भारतात फॉरवर्ड पाच चॅटपुरतं आणलं, पुढे २०२० मध्ये जास्त फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला. कुणाचा मेसेज वाचला नाही, कुणाला उडवलं नाही, नुसता नळ बारीक केला. म्हणजे करता येतं, दबाव आला की. पुरेसं झालं का? नाही, २०२२ मध्ये आपल्याच जत तालुक्यात लवंगा गावात पंढरपूरला निघालेल्या चार साधूंना त्याच अफवेवरून लोकांनी मारहाण केली. पण जबाबदारी कुठे टाकायची त्याची दिशा तीच आहे असं माझं मत: काय पोस्ट झालं ह्यापेक्षा यंत्राने ते कसं वाढवलं.

युरोपात हेच चाललंय. तिथला डिजिटल सेवांचा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू झाला, मोठ्या कंपन्यांनी निवडणुकीला आपल्या यंत्रणेमुळे काय धोका आहे ते स्वतः तपासून कमी करायचं, नाही केलं तर जगभरच्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड. डिसेंबर २०२४ मध्ये रोमानियाच्या घटनात्मक न्यायालयाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी रद्द केली आणि त्यानंतर युरोपियन कमिशनने टिकटॉकची चौकशी लावली. डिसेंबर २०२५ मध्ये एक्सला, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरला, १२ कोटी युरोचा दंड झाला, आणि गंमत बघा, तो कुठल्याही खोट्या पोस्टबद्दल नाही, तर निळ्या टिकने लोकांची दिशाभूल, जाहिरातींचं नीट न ठेवलेलं रेकॉर्ड आणि संशोधकांना न दिलेला डेटा ह्याबद्दल. आपल्याकडे असा कायदा असता तर तुमच्या काकींची जाहिरात कुणी दिली, किती लोकांना दाखवली, हे तुम्ही घरबसल्या बघितलं असतं, मला फी द्यायची गरज नव्हती.

आपल्याकडे उलट रस्ता धरला गेला. २०२३ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारने स्वतःच्या कारभाराबद्दल काय खोटं ते ठरवायला स्वतःचाच फॅक्ट चेक विभाग आणला, मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये तो नियम घटनाबाह्य ठरवला. बरं झालं. खोटं काय ते सत्तेवरच्यांनी ठरवायचं म्हटलं की आज तुमच्या काकींना न्याय मिळेलही, उद्या त्याच काकी पाण्याच्या टँकरचं बिल विचारायला लागल्या की त्यांची पोस्ट खोटी ठरेल. हे मी कुठल्या एका पक्षाबद्दल बोलत नाहीये, विट्यात असो का साताऱ्यात, खुर्ची बदलली की माणसं तीच वागतात.

खर्चाचं विचारलं होतंत. कंपनीला समन्स काढणं, तिचा वकील मुंबईहून येणं, अधिकारक्षेत्राचा वाद, ह्यात वर्ष कुठे जातं कळत नाही. एक बरं झालंय, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं कोल्हापूरला सर्किट बेंच आहे, सातारा-सांगली त्यात येतात, त्यामुळे अंतरिम आदेशावर अपील वगैरे झालं तर मुंबईची वारी नाही. तरी नुसत्या रागावर दावा लावू नका. आधी पेजवाल्याचं नाव बाहेर काढायचं बघा, तेवढ्यावरच बऱ्याच वेळा मॅटर मिटते, कारण नाव ओळखीचं निघतं.

आणि शेवटी, हे सगळं तुम्ही विचारताय, काकी नाही. दावा त्यांच्या नावावर चालणार, उलटतपासणीला पिंजऱ्यात त्या उभ्या राहणार, ते रेकॉर्डिंग भर कोर्टात त्यांच्यासमोर वाजवणार आणि समोरचा वकील पाकिटाबद्दल विचारणार. त्या तयार असतील तर त्यांना आणि तो फोन घेऊन या, नसतील तर नुसतं जपणुकीचं पत्र पाठवून ठेवा, ते मात्र मे संपायच्या आत.